चाळीस वल्ही

१

देवळीत मे महिन्यात दुपारी दोन वाजता जो घराबाहेर दिसेल तो एक तर पाहुणा असतो, नाही तर वेडा. सुलोचनाबाई दोन्ही नव्हत्या. दीडला जेवणं उरकायची, भांडी मोरीत टाकायची, समोरच्या खोलीच्या खिडकीला ओलं पोतं लावायचं, दार लोटायचं आणि दोनच्या ठोक्याला नवऱ्याच्या खाटेशी पाट ओढून बसायचं, हा त्यांचा महिनाभराचा नेम होता. मांडीवर स्टीलचं ताट, ताटात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या, तासलेल्या चाळीस काड्या.

नवऱ्याची, म्हणजे अण्णाजी सुतारांची, डाव्या हाताची बोटं त्या आपल्या बोटांत धरायच्या. त्या बोटांनी काडी उचलायची आणि समोरच्या टेबलावरच्या लाकडी गलबताच्या भोकात बसवायची. वीस उजवीकडे, वीस डावीकडे. सगळ्या बसल्या की सगळ्या काढायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दर शनिवारी वर्ध्याहून व्यायाम घ्यायला येणाऱ्या धीरजनं हे सांगून ठेवलं होतं.

"मावशी, बोटाले काम पाह्यजे," तो म्हणाला होता. "रबराचा चेंडू दाबून काकाजी कटाळतीन. हातचं काम द्या त्यायले."

आता बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. सुलोचनाबाईंपुढं तर चाळीस काड्या होत्या.

२

हे गलबत घरात आलं कुठून, तेही सांगितलं पाहिजे, कारण देवळीपासून समुद्र इतका लांब की तिथल्या निम्म्या माणसांनी तो फक्त टीव्हीवर पाहिलेला.

गावातल्या शाळेत मंजुषा मॅडम इतिहास शिकवतात. शाळेत इतिहासाची एक खोली सजवायची त्यांनी मनावर घेतलं होतं. किल्ले सगळेच करतात, आपण आरमार करू, असं म्हणून त्या एक पुस्तिका घेऊन अण्णाजींकडे आल्या. तिच्यात चित्र होतं: दोन डोलकाठ्यांची, पुढच्या टोकाला निमुळती नाळ आणि नाळेवर तोफा असलेली एक गुराब, म्हणजे मराठ्यांचं लढाऊ जहाज. आणि तिच्यापुढं दोरीनं जोडलेलं एक लहान गलबत. अण्णाजींनी आयुष्यभर बैलबंड्या, तिफणी आणि देव्हारे केले होते. जहाज म्हटल्यावर गडी हरखून गेला. सागवानाची दीड हात गुराब त्यांनी अशी घडवली की गल्लीतली माणसं कामं सोडून पाहायला यायची. शिडं सुलोचनाबाईंनी मांजरपाटाची शिवून दिली.

गलबताला मात्र अण्णाजींनी भोकं पाडली आणि वल्ही केलीच नाहीत.

"मॅडम, एवढं मोठं शीड असतानी वल्ही कायले पाह्यजे?" ते म्हणाले. "टॅक्टर असतानी बैल जुपते का कोनी?"

"आणि वारं पडलं तर, अण्णाजी?" मॅडम हसल्या. "समुद्रात वारं पडलं की मोठ्यातलं मोठं जहाज जागीच बसतं. तोफा आहेत, माणसं आहेत, दारूगोळा आहे, पण हलता येत नाही. तेव्हा ही गलबतं कामाला यायची. दोर बांधून, वल्ही मारत आपल्या गुराबेला ओढून न्यायची. समोर इंग्रजांचं जहाज वाऱ्याची वाट पाहत उभं, आणि आपले लोक त्याच्या पाठीमागून हजर. शिडाचं आरमार म्हणतो आपण, पण अडल्या वेळी त्याला वल्ह्यांनीच तारलंय."

"करू मंग," अण्णाजी म्हणाले, आणि विसरले.

चैत्र सरता सरता, रंधा मारता मारता, त्यांच्या डाव्या हातातून रंधा गळून पडला आणि मागोमाग ते. बारा दिवस वर्ध्याला दवाखान्यात काढून घरी आणलं तेव्हा डावं अंग लाकडासारखं झालं होतं आणि ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला होता. भेटायला येणारा जो तो दारातच म्हणायचा, "अण्णाजीच्या अंगावरून वारं गेलं म्हने."

अण्णाजी आढ्याकडे पाहत ऐकून घ्यायचे. एक दिवस जड जिभेनं, शब्द चघळत म्हणाले, "वारं... गेलं नाई. पडलं."

सुलोचनाबाईंना तेव्हा ते कळलं नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी अंगणातली पऱ्हाटीची जुडी सोडली आणि विळीवर काड्या तासायला बसल्या.

३

वल्ही पहिल्यांदा ओली दिसली त्या दिवशी बुधवार होता.

व्यायाम झाला की सुलोचनाबाई सगळी वल्ही आडवी, सारखी करून ठेवायच्या. मग अण्णाजींचा डोळा लागायचा, त्या आत माजघरात जरा कलंडायच्या आणि चार वाजता चहा ठेवायला उठायच्या. त्या दिवशी चहा घेऊन आल्या तर चाळीसही वल्ही खाली झुकलेली होती. सगळी एकाच बाजूला, एकाच मापानं. आणि प्रत्येकीचं टोक ओलं.

कुलरचं पाणी उडालं असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. मग आठवलं की कुलरचा पंप सोमवारीच जळाला होता. खिडकीचं पोतं गळलं असेल. पण खिडकी खाटेपलीकडं आणि पोतं तर कडक वाळलेलं. त्यांनी एका काडीचं टोक बोटानं पुसलं आणि जिभेला लावून पाहिलं. बायका मीठ पाहतात तसं, विचार न करता.

खारट होतं. सुलोचनाबाईंच्या लेखी खारट म्हणजे घाम, नाही तर डोळ्यांतलं पाणी. नवऱ्याच्या बोटांचा घाम लागला असणार, असं ठरवून त्यांनी काड्या पदरानं कोरड्या केल्या. चाळीस काड्यांना सारखा घाम कसा लागला, हे स्वतःला विचारायचं त्यांनी टाळलं. चहा निवत होता.

४

गुरुवारी त्या माजघरात झोपल्या नाहीत. नुसत्या पडून राहिल्या.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वीज गेलेली, त्यामुळे पंख्याचाही आवाज नाही. अडीचच्या सुमाराला समोरच्या खोलीतून आवाज आला. छप्. मग एक श्वास घेण्याइतकी शांतता. मग पुन्हा छप्. धोबी घाटावर कपडे आपटतो तसा नव्हे. पुष्कळ लहान आणि पुष्कळ जणांनी मिळून केलेला एकच आवाज. त्याच्यामागून लाकूड कुरकुरायचं. जड भरलेली बंडी चढावर निघाली की जू कुरकुरतं, तसं.

मोरीतला नळ टपकत असेल. पण नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, आणि आजचा तो दिवस नव्हता. उंदीर असेल. उंदीर मोजून पावलं टाकत नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं म्हणत त्या उठल्या आणि दार ढकललं.

आवाज थांबला. अण्णाजी शांत झोपले होते. वल्ही झुकलेली आणि ओली. टेबलावरच्या धुळीत गलबतामागं बोटभर रुंद स्वच्छ पट्टा उमटला होता. गलबत दाराच्या दिशेनं चार बोटं पुढं सरकलं होतं.

सुलोचनाबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. आता आरडाओरडा करावा, शेजारच्यांना हाक मारावी, म्हणून त्या वळल्या, आणि तेव्हा त्यांना नवऱ्याची डावी करंगळी दिसली. ती चादरीवर हळूच आत वळत होती, आणि पुन्हा सरळ होत होती. आत, आणि सरळ.

त्या तिथंच खाली बसल्या आणि रडल्या. भीतीनं नाही. सव्वा महिन्यात पहिल्यांदाच त्यांना देवाचे आभार मानायला काही तरी हातात मिळालं होतं, आणि ते करंगळीएवढं होतं म्हणून काय झालं!

शनिवारी धीरजनं करंगळी पाहिली. "अरे वा काकाजी!" म्हणून तो खाटेवरच टिचकी मारून नाचायचा बाकी राहिला. "मावशी, काय केलं तुमी?"

"मी काई नाई केलं," सुलोचनाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

५

पुढच्या मंगळवारी दोरीचं टोक जागेवर नव्हतं.

गलबताच्या मागच्या खुंटीपासून गुराबेच्या नाळेपर्यंत अण्णाजींनी सुताची एक पक्की दोरी ओवली होती. चार वाजता सुलोचनाबाई आत गेल्या तेव्हा गुराब टेबलाच्या कडेला नुसती उभी होती, शिडं लोंबत. दोरी टेबलावरून खाली, तिथून खाटेवर गेली होती आणि अण्णाजींच्या डाव्या मनगटाला बांधलेली होती. गाठ मोठी सुरेख होती. सुताराच्या घरात आयुष्य गेलं, पण अशी गाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. आणि एका हाताच्या माणसाला ती बांधता येणं शक्यच नव्हतं.

"अवो, हे कोनं बांधलं?" त्यांनी नवऱ्याला हलवलं.

अण्णाजी डोळे न उघडता म्हणाले, "राहू दे."

त्यांनी राहू दिलं नाही. कोणती बाई राहू देईल? नखांनी गाठ सोडली, दोरी गुंडाळून कोनाड्यात ठेवली आणि देवाजवळ दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी आवाज आला नाही. वल्ही कोरडी राहिली. संध्याकाळी करंगळी वळेना. गुरुवारी अण्णाजींना पाण्याचा घोट गिळता येईना, ओठाचा कोपरा आणखी ओघळला, आणि शुक्रवारी ते बायकोकडे पाहत होते ते कुठून तरी खूप लांबून.

६

त्याच शुक्रवारी सकाळी मंजुषा मॅडम तब्येत विचारायला आल्या. अण्णाजींशी दोन शब्द बोलल्या, आणि बाहेर पडता पडता टेबलाशी थबकल्या.

"वल्ही किती छान केलीत, मावशी!"

सुलोचनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मॅडम, एक इचारू का? हे वल्ही मारनारे बसते कसे?"

मॅडमनी पर्समधून पुस्तिका काढली आणि चित्र दाखवलं. "हे बघा. जिकडे जायचं तिकडे यांची पाठ असते. तोंड मागं. पाय टेकवून मागं रेलायचं आणि वल्हं ओढायचं, म्हणून."

"म्हंजे कुठं जाऊन राह्यलो ते त्यायले दिसतच नाई?"

"नाही. त्यांना फक्त ज्याला ओढतात तो दिसतो. सगळी वाट त्याच्याकडेच बघत जायचं."

सुलोचनाबाईंनी खाटेकडे वळून पाहिलं. चाळीस जण आपल्या नवऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघताहेत, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"आपल्याच जहाजाले ओढते का?"

"आपल्याही, आणि पकडलेल्या शत्रूच्याही. तेही असंच दोर बांधून न्यायचे."

"मंग ज्याले ओढून राह्यले त्याले कसं समजते? आपले लोक हायेत का परके?"

मॅडम हसल्या. शाळेत एखाद्या पोरानं चांगला प्रश्न विचारला की हसाव्या तशा. "बंदरात पोचल्यावरच समजणार, मावशी."

त्या गेल्यावर सुलोचनाबाईंनी स्वयंपाकाला हात लावला नाही. कोनाड्यातली दोरी काढून मांडीवर घेऊन बसल्या. एकीकडे न हलणारं माणूस, दुसरीकडे कुठं नेतील ते ठाऊक नसलेले लोक. जन्मभर त्यांनी दुधाची पिशवीसुद्धा तारीख पाहून घेतली होती. दोन वाजले. त्यांनी दोरी नवऱ्याच्या मनगटाला स्वतःच्या हातानं बांधली. गाठ साधीच, पोत्याच्या तोंडाला मारतात ती.

आणि आपल्याकडे उन्हातून आलेला माणूस ओळखीचा असो की नसो, त्याच्यापुढं गूळ-पाणी ठेवतात. त्यांनी टेबलाखाली पाण्यानं भरलेली मोठी कळशी ठेवली आणि ताटात गुळाचा खडा फोडून ठेवला. चाळीस तुकडे मोजून केले.

"जे कोनी असान ते असा," त्या बंद खोलीला म्हणाल्या. "पर त्यायले नीट आना बापा."

७

त्या दुपारी त्या माजघरात गेल्याच नाहीत. दाराच्या फटीशी उभ्या राहिल्या.

अडीचला आवाज सुरू झाला. छप्. कुरकुर. छप्. लोटलेल्या दाराखालून एक गार झुळूक त्यांच्या पायांवरून गेली, आणि तिला वास होता. ओल्या दोराचा, मिठाचा, पुष्कळ माणसांच्या घामाचा. मन म्हणत होतं, बाई गं, तू चार दिवस धड जेवली नाहीस, तुला ऊन लागलंय, चल, कांदा हुंग आणि पड. सुलोचनाबाईंनी मनाचं ऐकलं नाही. दार चार बोटं ढकललं.

खोलीत होता त्याहून जास्त अंधार होता, आणि खोली होती त्याहून लांब होती. त्या अंधारात, दाराकडे पाठ करून, ओळीनं पाठी वाकत होत्या आणि सरळ होत होत्या. उघड्या, काळ्या, घामानं चकाकणाऱ्या. काही म्हाताऱ्या, काही बायकांच्या, लुगड्याचा पदर खोचलेल्या. त्यांच्या पलीकडे, खूप दूर, खाटेएवढं काही तरी पांढरं पाण्यावर डुलत होतं. ओळीतल्या सगळ्यात अलीकडच्या माणसानं वल्हं न थांबवता मान वळवून दाराकडे पाहिलं.

एवढंच दिसलं, एका श्वासापुरतं. चेहरा अनोळखी होता. दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसाचा असतो तितका थकलेला. आणि त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित खाली ओघळलेला होता.

सुलोचनाबाईंनी दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकल्या. छातीवरचा दगड उतरला होता. ते परके नव्हते. कधी काळी त्या सगळ्यांचंच वारं पडलं होतं, आणि कुणी तरी त्यांना ओढून आणलं होतं. त्यांनी दाराकडे तोंड करून हात जोडले आणि आवाज थांबेपर्यंत खाली घेतले नाहीत.

चारला आत गेल्या तेव्हा अण्णाजी डाव्या हाताचा आधार घेऊन उशीला टेकून बसले होते. गुळाचे तुकडे संपले होते. मुंग्यांनी नेले असतील. कळशी अर्धी झाली होती, आणि कळशीला मुंग्या काय करतील, हा विचार सुलोचनाबाईंनी हसून सोडून दिला.

८

जून निम्मा झाला तोवर अण्णाजी काठीवर अंगणात येऊ लागले. गल्लीनं देवाला श्रेय दिलं, धीरजनं व्यायामाला, मॅडमनी जिद्दीला. सुलोचनाबाईंनी सगळ्यांना पेढा दिला आणि कोणालाच दुरुस्त केलं नाही. शाळा उघडायच्या आधी गुराब आणि गलबत शाळेत गेली. ती निघताना सुलोचनाबाईंनी गलबताच्या नाळेला हळदकुंकू वाहिलं. मॅडमना वाटलं, कष्टाच्या वस्तूची माया असते.

खोली मोकळी झाली. मनगटावर दोरी नाही, टेबलावर धुळीचा पट्टा नाही. पुढच्या सोमवारी सुलोचनाबाई नुसतं पांघरूण सारखं करायला म्हणून दुपारी आत डोकावल्या.

अण्णाजी उताणे पडले होते. डोळे टक्क उघडे, पण त्यांना हाक ऐकू जात नव्हती. दोन्ही मुठी आवळलेल्या, छातीशी येत होत्या आणि दूर जात होत्या. छातीशी, आणि दूर. पायांच्या टाचा खाटेच्या गातीला, पायथ्याच्या आडव्या दांडीला, घट्ट टेकलेल्या. आणि कोपरापर्यंत दोन्ही हात ओले.

पावणेतीनला ते भानावर आले, पाणी प्याले आणि विचारलं तेव्हा "काई नाई, झोप लागली" म्हणाले. तळव्यांना फोड आले होते. सुलोचनाबाईंनी खोबरेल लावलं. संध्याकाळी मागच्या गल्लीतली आकांक्षा विरजण मागायला आली. तिच्या सासऱ्यांच्या, रूपरावांच्या, अंगावरून आठ दिवसांपूर्वी वारं गेलं होतं.

"काकू, आज बाबाजींचं बोट हाललं!" पोरीचे डोळे भरून आले होते. "अडीच वाजता. मी जवळच होती ना."

सुलोचनाबाईंनी तिला वाटीभर विरजण दिलं आणि जवळ घेतलं.

मंगळवारी अण्णाजी सव्वातीनला परत आले. बुधवारी चारला. गुरुवारी साडेपाच वाजले आणि भानावर आल्यावर त्यांना बायकोचं नाव आठवायला वेळ लागला. ओठाचा डावा कोपरा, इतका छान वर आलेला, जरासा उतरला होता.

"लय जड हाये रूपराव," ते पुटपुटले. "मानसं कमी पडून राह्यले."

शुक्रवारी मुठी हलायला लागल्या तशा सुलोचनाबाई खाटेशी पाटावर बसून राहिल्या. उठवता आलं असतं. तोंडावर पाणी मारलं असतं, खांदे धरून गदागदा हलवलं असतं, तर आपला माणूस आपल्याजवळ राहिला असता, आणि मागच्या गल्लीत कोणाचं तरी बोट तिथंच थांबलं असतं. मे महिन्यात त्यांचा माणूस तिकडे दूर पाण्यात अडकला होता, तेव्हा चाळीस घरांत चाळीस जण असेच खाटेशी बसले असतील, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. एकानंही आपल्या माणसाला उठवलं नव्हतं. त्या अनोळखी माणसांबद्दल त्यांना माया दाटून आली.

सहा वाजले. अण्णाजींचा श्वास धापा टाकल्यासारखा येत होता आणि मुठी सावकाश, फार सावकाश हलत होत्या.

सुलोचनाबाईंनी दाराची कडी आतून घातली. पदर खोचला. खाटेलगत जमिनीवर उताण्या पडल्या, टाचा भिंतीला टेकवल्या आणि दोन्ही हात पुढं करून मुठी वळल्या.

"मले बी घ्या," त्या म्हणाल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग शेजारी लाकूड कुरकुरलं, आणि कुणी तरी सरकून त्यांना जागा करून दिली.